‘थांब’ म्हटलं की थांबायचं

धाकट्याचं वय पंचावन्न. डोक्यावर उरलेले चार केस पांढरे झालेत, गुडघे कुरकुरतात, तरी सगळे त्याला धाकटाच म्हणतात. कारण एके काळी या गॅरेजात थोरलाही होता. गाडीचा एसी बिघडला की लोक सांगायचे, थोरल्या-धाकट्याकडे जा, दुसरीकडे कुठे मरायला जाऊ नका. थोरला जाऊन अकरा वर्षं झाली. धाकटा आपला धाकटाच राहिला.

त्या दिवशी आठवड्याची सुट्टी होती. बाहेर ऊन असं पेटलेलं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. धाकट्याने शटर अर्धं खाली ओढलं होतं आणि आत स्टुलावर बसून तो पाने पुसत होता. बायको तिच्या बहिणीकडे गेलेली, घरी भिंतींशी बोलणार होता का? एवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. एक लांब आणि दोन तोकडे.

धाकट्याच्या हातातला पाना खाली पडला. असा हॉर्न जगात एकच माणूस वाजवायचा.

तो धडपडत उठला, शटर वर केलं. समोर थोरल्याची गाडी उभी होती. तीच, फिकट हिरवी, उजव्या दारावर पोचा आलेली. अकरा वर्षं अंगणात ताडपत्रीखाली पडून होती ती. आणि ड्रायव्हरच्या जागी वहिनी बसली होती, थोरल्याची बायको, पाठ ताठ, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून.

"अहो वहिनी, तुम्ही! घाबरवलंत ना मला!"

"हॉर्न असाच वाजवायचा म्हणून त्यांनीच शिकवलंय," वहिनी म्हणाली. "गाडी शिकवली तेव्हा. व्हा बाजूला, आत घेते."

आणि तिने गाडी सरळ आत घेतली, ती थेट मधल्या जागेवर नेऊन उभी केली. धाकटा मागून "तिथे नको, पलीकडे, पलीकडे" करत राहिला, पण तोवर इंजिन बंदसुद्धा झालं होतं.

त्या मधल्या जागेवर धाकटा कधीच गाडी लावत नाही. गिऱ्हाइकांनी विचारलं तर सांगतो, जमीन सारखी नाही तिथली. थापा सगळ्या. जमीन अगदी सपाट आहे. तिथे पूर्वी खड्डा होता, गाडीखाली उतरून काम करायचा, माणूसभर लांब आणि छातीएवढा खोल. थोरला गेल्यावर महिन्याच्या आत धाकट्याने तो दगडमातीने भरून वरून सिमेंट ओतून घेतला. फक्त सिमेंटचा रंग काही जमला नाही. बाकी फरशी काळपट आणि तेवढाच एक लांबट चौकोन पांढुरका. तो गाडीखाली दिसत होता.

"का हो, इथे का नको?" वहिनी खाली उतरली. "ते तर इथेच लावायचे."

धाकटा म्हणाला, "बरं, राहू दे."

वहिनीने काम सांगितलं. लेकीला आठवा महिना लागला होता. पुढच्या आठवड्यात तिला बाळंतपणाला आणायचं, सहा तासांचा रस्ता, आणि हा असला उन्हाळा. इंजिन, ब्रेक, टायर सगळं दुसरीकडे करून घेतलं होतं. "पण एसीला म्हटलं दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको. तुम्हीच करा. यातला जुना गॅस आता मिळत नाही म्हणे?"

"कुठला मिळतोय. बंद होऊन जमाना झाला. आता नवाच घालायचा." धाकट्याला कामाचं बोलताना जरा हायसं वाटलं. "जुना उरलासुरला असेल तो काढायचा, आतलं जुनं तेल धुऊन काढायचं, कारण नव्या गॅसचं त्या तेलाशी पटत नाही. रबराच्या रिंगा बदलायच्या, गाळणी बदलायची, मग नवं तेल, नवा गॅस. दिवसभराचं काम आहे. पण गॅस काही उरला नसणार."

आता एक सांगतो, कारण लोकांना हे कळतच नाही. दर उन्हाळ्यात येतात आणि म्हणतात, गॅस संपलाय, भरून द्या. अहो, तो काय पेट्रोल आहे संपायला? थोरला यावरून गिऱ्हाइकांशी भांडायचा. "गॅस संपत नाही हो, तो निसटतो," असं म्हणायचा, आणि तेही ओठांच्या कोपऱ्यातून, कारण काम करताना दोन-चार स्क्रू नेहमी त्याच्या तोंडात धरलेले असायचे. त्यामुळे त्याचं सगळं बोलणं जरा दाबलेलं, जरा शीळ मिसळलेलं यायचं. नळ्या रबराच्या असतात, त्यातून थोडा थोडा गॅस जातोच. दोन-तीन वर्षांत एसी गार हवा द्यायचा थांबतो. आणि ही गाडी तर अकरा वर्षं उभी होती.

धाकट्याने बॉनेट उघडलं, मापाच्या नळ्या जोडल्या आणि काट्याकडे बघितलं. मग काटा बोटाने टिचकावला. मग ते माप काढून दुसरं लावलं.

काटा भरलेला होता. थोरल्याने गॅस भरला त्या दिवशी जेवढा दाखवला असेल तेवढाच, तसूभर कमी नाही.

"काय झालं?" वहिनीने विचारलं. ती त्याच्याच स्टुलावर बसली होती, मांडीवर पर्स घेऊन.

"काही नाही. गॅस आहे यात. पुरता आहे."

"म्हणजे चांगलंच की."

चांगलं कसलं डोंबलाचं! धाकट्याने तीस वर्षांत हजारो गाड्या उघडल्या होत्या. असं होत नाही. अकरा वर्षं कुणीतरी तो आत धरून ठेवल्याशिवाय असं होत नाही. नळीवरून हात फिरवला तर नळी गार लागली, बाहेर अंडं शिजेल असं ऊन असताना. मनाशी म्हणाला, माप बिघडलं असेल, दोन्ही मापं बिघडली असतील, काढून तर टाकू.

त्याने गॅस ओढून घ्यायचं यंत्र आणलं, टाकी लावली, नळी बसवली आणि वॉल्व्हवर हात ठेवला.

"भाऊजी," वहिनी मागून म्हणाली, "ओरडला नाहीत?"

धाकट्याचा हात तिथेच राहिला.

हे ओरडण्याचं काय ते सांगायला हवं. पूर्वी जुना गॅस टाकीत-बिकीत कुणी भरत नसे, सरळ हवेत सोडायचे. आता लाज वाटते, पण तेव्हा सगळेच सोडायचे. त्याला रंग नाही, वासही नसल्यासारखाच. फक्त एक आहे, तो हवेपेक्षा जड. पाण्यासारखा खाली खाली जातो, खोलगट जागेत साचून बसतो आणि तिथली हवा हटवतो, मग आतल्या माणसाला श्वासच मिळत नाही. म्हणून थोरल्याने गॅरेजात नियम केला होता. वॉल्व्ह उघडण्याआधी मोठ्याने ओरडायचं, "सोडतोय!" आत जो कुणी असेल त्याने उत्तर द्यायचं. "सोड" म्हटलं की सोडायचं. "थांब" म्हटलं की थांबायचं. आणि काहीच उत्तर आलं नाही तर हातातलं काम टाकून जाऊन बघायचं. या नियमापायी थोरल्याने धाकट्याच्या कानाखाली आवाजही काढला होता एकदा, धाकटा चांगला तिशीचा असताना.

अकरा वर्षांपूर्वी त्या खड्ड्यावर एक मोठी बस उभी होती. तिच्या एसीतला सगळा गॅस काढायचा होता, आणि तो काही किलोभर नव्हे, चांगला दहा किलो. धाकट्याने सोडला. थोरला खड्ड्यात होता. वीस मिनिटांनी खाली वाकून बघितलं तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला, आणि शेजारी त्याचा तपासायचा दिवा विझलेला.

सगळ्यांनी विचारलं, पोलिसांनी विचारलं, वहिनीने विचारलं. धाकट्याने सगळ्यांना एकच सांगितलं. मी ओरडलो, "सोडतोय!" आणि दादा आतून म्हणाला, "सोड." मला वाटलं तो वर आलाय. लोक म्हणाले, बिचारा, याचा काय दोष, तो स्वतःच हो म्हणाला. अपघात म्हणून फाइल बंद झाली.

आणि खरं काय, तर धाकटा ओरडलाच नव्हता. बसचा मालक डोक्यावर बसून घाई करत होता, थोरला चहाला गेलाय असा याचा समज, आणि नियम म्हणजे रोजचीच कटकट. उघडला वॉल्व्ह आणि मोकळा झाला. ही गोष्ट त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. त्या दिवसानंतर तो शब्दच त्याने तोंडातून काढला नव्हता.

"आता ओरडायची गरज नसते वहिनी," तो म्हणाला. "गॅस यंत्रात जातो. हवेत सुटतच नाही."

"तरी ओरडा. त्यांचा नियम होता."

म्हटलं तर साधी गोष्ट. धाकट्याने घसा खाकरला आणि पुटपुटल्यासारखं म्हटलं, "सोडतोय."

"थांब."

गाडीच्या खालून आलं. दाबलेलं, जरा शीळ मिसळलेलं, ओठांत स्क्रू धरल्यासारखं.

 धाकट्याने वळून वहिनीकडे बघितलं. ती पदराने वारा घेत होती. "का थांबलात?"

"नळी... नळी नीट बसली नाही."

त्याने नळी काढली, पुसली, परत बसवली. आटे काही जुळेनात. मनात स्वतःला शिव्या घालत होता. ऊन लागलंय तुला गाढवा, सकाळपासून पोटात काही नाही. मग एकदम चढ्या आवाजात, जणू कुणाशी भांडतोय तसा, ओरडला, "सोडतोय!"

"थांब."

या वेळी जवळून आलं. पायाखालून. बुटाच्या तळव्याला तो शब्द जाणवला, बाजूने ट्रक गेला की फरशी जाणवते तसा. धाकटा दोन पावलं मागे सरला, तर पाठ भिंतीच्या फळीला लागली आणि फळीवरचं काहीतरी खडखडलं. बघतो तर थोरल्याचा दिवा.

हा दिवा म्हणजे या धंद्यातली जुनी चीज. छोटी गॅसची बाटली, वर बर्नर, त्यात तांब्याची चकती, आणि खाली एक रबरी नळी. नळीचं तोंड जोडाजोडांवरून फिरवायचं. ज्योत निळी राहिली तर सगळं ठीक. जुना गॅस कुठे निसटत असेल तर ज्योत हिरवी होते. नव्या गॅसला ती हिरवी होत नाही, म्हणून आता हे दिवे कुणी वापरत नाही. धाकट्यानेही अकरा वर्षं हात लावला नव्हता. टाकवतही नव्हता, लावायची हिंमतही नव्हती.

"गळती असेल," तो वहिनीला म्हणाला, खरं तर स्वतःलाच. "बघून घेतो. म्हणूनच आवाज येत असेल."

"कसला आवाज?"

"काही नाही."

दिवा पहिल्याच काडीला पेटला. ज्योत निळी. धाकट्याने नळी कॉम्प्रेसरपाशी नेली, निळी. पाइपांवरून फिरवली, निळी. एकेक जोड बघितला, कुठेही एवढंसंसुद्धा निसटत नव्हतं. मग बॉनेटवरून मागे सरताना नळी त्याच्या हातातून सुटून खाली लोंबली आणि तिचं तोंड फरशीला लागलं.

ज्योत हिरवी झाली.

तो गुडघ्यावर बसला. गुडघे कुरकुरले पण त्याचं लक्ष नव्हतं. काळ्या फरशीवर नळी धरली की निळी. पांढुरक्या सिमेंटवर सरकवली की हिरवी, गच्च हिरवी, चकतीसुद्धा उजळून निघेल अशी. तो गाडीच्या कडेकडेने रांगत गेला. काळ्यावर निळी, पांढऱ्यावर हिरवी. खड्ड्याच्या चारही कडा त्या दिव्याने त्याला बोट ठेवून दाखवल्यासारख्या दाखवल्या. आणि खाली काय होतं? दगडमाती. त्याने स्वतः उभं राहून ओतून घेतलेली दगडमाती.

तेव्हा त्याच्या मनात आलं की थोरल्यालाही हेच दिसलं असणार. दिवा पेटवून खाली बसला होता तो. पडण्याआधी त्याने ज्योत हिरवी होताना बघितली असणार. ज्याने हा दिवा आयुष्यभर वापरला त्याला त्या हिरव्याचा अर्थ कुणी सांगायला नको होता.

"हिरवी झाली ना?" वहिनी उठून त्याच्यामागे येऊन उभी राहिली होती. "हिरवी म्हणजे गॅस. मला माहितीये. इथे कसा गॅस येईल भाऊजी?"

धाकट्याने दिवा विझवायला हात नेला, पण चावी फिरेना.

वहिनी त्याच्याशेजारी खाली बसली, साडी सावरून, फरशीवरच.  मग म्हणाली, "एसीचं निमित्त झालं. मी तुम्हाला एक विचारायला आलेय. लेकीला आणायच्या आधी मला ते कळायला हवंय."

"विचारा ना."

"त्या दिवशी ते 'सोड' म्हणाले. कसे म्हणाले?"

"कसे म्हणजे?"

"म्हणजे रागाने म्हणाले, की वैतागून, की नेहमीसारखं? तुम्ही त्यांचा आवाज लहानपणापासून ऐकलाय. तुम्हाला कळलं असेल."

 अकरा वर्षांत लोकांनी नाही नाही ते विचारलं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं.

वहिनीच बोलत राहिली. "त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. कशावरून, तर कपाटाच्या किल्लीवरून. सापडत नव्हती. एवढ्या तेवढ्यावरून शब्दाला शब्द वाढत गेला, आणि मी म्हटलं, 'जा, परत तोंड दाखवू नका.' आणि ते गेले. दुपारी तुम्ही आलात, म्हणालात ते स्वतः सोड म्हणाले. खड्ड्यात बसून! भाऊजी, गॅस जड असतो, खाली साचतो, हे साऱ्या जगाला ओरडून ओरडून शिकवणारा माणूस. तो खड्ड्यात बसून सोड म्हणतो. मग मी काय समजायचं?"

"वहिनी, अहो..."

"मी हेच समजले की त्यांनी मुद्दाम केलं. माझ्या बोलण्यावर गेले. कुणाला सांगणार? लोक अपघात म्हणतात तर म्हणू दे म्हटलं. पण लेकीने एकदा विचारलं. आई, बाबांनी मुद्दाम केलं का गं? मला 'नाही' असं म्हणता आलं नाही. त्यानंतर तिने बापाचं नाव घेतलेलं नाही. घरात फोटो लावत नाही ती. आता तिला मूल होईल, उद्या ते विचारेल आजोबा कसे गेले. म्हणून म्हटलं, एकदा भाऊजींना विचारू. जर रागाने म्हणाले नसतील, जर अगदी साधं, नेहमीसारखं म्हणाले असतील, तर मी तिला सांगू शकेन की बाई गं, चूक झाली त्यांची, लक्ष नव्हतं. एवढंच हवंय मला. सांगा ना, कसे म्हणाले?"

धाकट्याला वाटत होतं आपल्या खोट्याने फक्त आपली मान सोडवली. फार तर थोरल्याच्या नावावर एक निष्काळजीपणा चढला, मेलेल्या माणसाचं त्यात काय जातंय. एवढाच विचार केला होता त्याने, आणि तोही कधीतरी झोप लागत नसली तर. आता समोर ही बसली होती, एकोणसाठ वर्षांची, अकरा वर्षं नवऱ्याचं मरण पदरात बांधून फिरणारी.

अजूनही खोटं बोलता आलं असतं. 'साधं म्हणाला वहिनी, अगदी नेहमीसारखं.' ओठांवर आलंसुद्धा होतं. ती सुटली असती, तोही सुटला असता, आणि थोरला तेवढा राहिला असता खाली. त्याने तोंड उघडलं आणि फरशी पुन्हा तशीच थरथरलेली टेकलेल्या तळहाताला जाणवली. आवाज नव्हता, शब्द नव्हता. फक्त खाली कुणीतरी ऐकतंय एवढं पक्कं कळलं.

"तो म्हणालाच नाही," धाकटा म्हणाला.

"काय?"

"दादा सोड म्हणालाच नाही वहिनी. कारण मी ओरडलोच नव्हतो. घाई होती, मला वाटलं तो चहाला गेलाय. तसाच उघडला मी वॉल्व्ह. नंतर घाबरलो आणि खोटं बोललो. आणि..."  हे पुढचं त्याने स्वतःलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. "आणि उघडल्यावर मला आवाज आला होता. 'थांब' असा. गॅस सूं सूं करत होता, त्यात पुसट आला. मला वाटलं रस्त्यावरून कुणी कुणाला हाक मारली. मी थांबलो नाही."

दिव्याची ज्योत निळी झाली. आपोआप. नळी पांढऱ्या सिमेंटवरच होती.

 बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली, तिचा आवाज विरेपर्यंत वहिनी तशीच बसून होती. धाकटा खाली मान घालून, आता ती मारेल, निदान शिव्या तरी देईल, अशी वाट बघत होता. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे ते म्हणालेच नव्हते," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"म्हणजे त्यांनी मुद्दाम नाही केलं."

"नाही हो वहिनी. तो थांब म्हणत होता. त्याला वर यायचं होतं."

वहिनीने पांढऱ्या सिमेंटवर तळवा टेकवला, ताप बघायला कपाळावर टेकवतात तसा. "ऐकलंत का?" ती खाली बघून म्हणाली. "तुम्ही म्हणालाच नव्हतात. आणि मी मूर्ख अकरा वर्षं तुमच्याशी भांडतेय." आणि मग ती रडली. तोंड न झाकता, मोठमोठ्याने, लहान मुलासारखी.

धाकट्याला तिथे बसवेना. तिला हात लावायचा अधिकार आपल्याला नाही एवढं त्याला कळत होतं. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तो उठला आणि गाडीपाशी गेला. यंत्र तसंच जोडलेलं, काटा तसाच भरलेला. त्याने वॉल्व्हवर हात ठेवला. आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी सांगितलं म्हणून नाही, धाक म्हणून नाही, तर उत्तर हवं होतं म्हणून त्याने हाक मारली.

"दादा, सोडतोय रे!"

थोडा वेळ काहीच आलं नाही. मग खालून आलं, जरा ओढून, ओठांच्या कोपऱ्यातून, कामात असलेला माणूस वर न बघता बोलतो तसं.

"सोड."

वहिनीचं रडणं थांबलं. तिने मान वर केली. या वेळी तिलाही ऐकू आलं होतं, तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं.

धाकट्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सोड म्हणाला! दादा सोड म्हणाला! अकरा वर्षांचं ओझं खांद्यावरून उतरल्यासारखं वाटलं, आणि नाक ओढत, हसत-रडत, त्याने वॉल्व्ह फिरवायला घेतला.

"थांब."

हा आवाज खालून आला नव्हता. मागून आला होता.

वहिनी या घरात आली तेव्हा धाकटा कॉलेजात होता. तेव्हापासून ती त्याला भाऊजी म्हणते, अहो-जाहो करते. एवढ्या वर्षांत, रागातसुद्धा, तिच्या तोंडून त्याच्यासाठी एकेरी शब्द आला नव्हता.

"ते सोड म्हणतील," ती म्हणाली. तिने तोंड पुसलं होतं आणि ती उभी राहिली होती. "त्यांचा स्वभावच तसला होता. मी अजून म्हटलेलं नाही."

तिने स्टुलावरची पर्स घेतली. गाडीची किल्ली तिथेच ठेवली. शटरखालून वाकून बाहेर पडली आणि भर उन्हात चालत गेली, मागे वळून न बघता.

धाकटा वॉल्व्हवर हात ठेवून उभा होता. काटा भरलेला होता. खालून काही येत नव्हतं, आता येणारही नव्हतं हे त्याला कळत होतं.

त्याने वॉल्व्हवरचा हात काढला. या वेळी तो थांबला.